ज्या वर्षी मला उपवास नव्हता

आमचं पहिलं बाळ संक्रांतीच्या थंडीत गेलं. मुलगा होता. अजून पालथाही पडत नव्हता. छातीत घुरघुर सुरू झाली तेव्हा चाळीतल्या बायका म्हणाल्या, डबा झालाय, छाती भरलीय. कुणी ओव्याच्या पुरचुंडीनं शेकायला सांगितलं, मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं औषध दिलं. गिरणीची पाळी सुटून मालक घरी आले तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. मी त्यांना म्हटलं, "हात लावून बघा, गार लागतोय." त्यांनी हात लावला आणि तिथंच उंबऱ्यावर बसले.

बाप्तिस्मा झालेलं तान्हं मूल थेट स्वर्गात जातं, म्हणून त्याच्या दफनाला फादर काळी वस्त्रं घालत नसत. पांढरी घालत. आमच्या बाळाच्या वेळीही फादर पांढऱ्या झग्यात उभे होते. प्रार्थनाही दुःखाच्या नव्हत्या, आनंदाच्या होत्या. घरी येताना एक म्हातारी बाई मला समजावत होती, "रडायचं न्हाय बरं पोरी. आता तुझं एक माणूस देवापाशी हाय." मी रडतच नव्हते. मान हलवली आणि घरी येऊन भाकरी थापल्या.

मी मूळची नगरकडची. तिथल्या मिशनच्या बोर्डिंगात वाढले, लग्न होऊन सोलापूरला आले. मालक मोहोळकडचे, इथं गिरणीत सूतखात्यात होते. आमच्या चर्चमध्ये पुढच्या बाकांवर रेल्वेतले गोवेकर आणि साहेबी टोप्यांवाले लोक बसत, त्यांच्यामागे तमिळ कुटुंबं, आणि शेवटी चटयांवर आम्ही गिरणीवाले. फादर परदेशातून आलेले, पण उमेदीची वर्षं नगरकडे काढलेली, त्यामुळे त्यांची मराठी माझ्या माहेरची होती. सोलापुरात तेवढा एकच माणूस माझ्या गावच्यासारखा बोलायचा.

बाळ गेलं तरी माझं दूध गेलं नाही. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. छाती दगडासारखी व्हायची, ठणकायची, चोळी भिजायची. मी मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची आणि वर पाण्याचा तांब्या ओतायची. तेव्हाही मला काही वाटत नसे. भांडी घासावीत तसं ते एक काम होतं. शेजारच्या घरात कुणाचं मूल रडलं की दूध आपोआप सुटायचं. मी मात्र जिथल्या तिथं असायची. कुणी माझ्याशी बोललं तर ते शेजारच्या खोलीतून ऐकू आल्यासारखं वाटायचं.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. राखेच्या बुधवारी आम्ही दोघं गेलो. गेल्या वर्षी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या झावळ्यांची राख फादरांनी कपाळाला लावली आणि लॅटिनमध्ये ते नेहमीचं वाक्य पुटपुटले, की तू माती आहेस आणि मातीत जाशील. बोर्डिंगात असताना हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. या वेळी आला नाही. नंतर प्रवचनात फादर म्हणाले, "प्रार्थना करा, उपवास करा आणि दान करा. ज्याच्या घरात जे असेल ते द्या. नसेल त्याच्याकडून देव मागत नाही."

मला प्रार्थना होत नव्हती. तोंड चालायचं, जपमाळेचे मणी सरकायचे, एवढंच. दान करावं असं घरात काही नव्हतं. राहिला उपवास. तो मी धरला. दुपारी एकदाच भाकरी आणि चटणी, बाकी दिवसभर पाणी. मालकांना सांगायची, मी आधी जेवले. मला भूकच लागत नव्हती, मग त्यात पुण्य कसलं, हा विचार तेव्हा मनात आला नाही. चार लोक करतात ते मीही करत होते, आणि त्यामुळे कुणी काही विचारत नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी क्रुसाची वाट होती. भिंतीवरच्या चौदा चित्रांसमोरून फादर सावकाश पुढे सरकत, आणि आम्ही गुडघे टेकत आणि उठत. चौथ्या ठिकाणी मारियामातेला वाटेत क्रूस वाहणारा तिचा मुलगा भेटतो. तिथं आल्यावर दोन-तीन बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं. मीही चित्राकडे बघितलं. चौकटीचा खालचा कोपरा उडाला होता. तेवढंच मला दिसलं.

बाहेर आले तर दवाखान्यातली सिस्टर दारात थांबली होती. तिनं माझ्या चोळीकडे बघितलं. मी पदर ओढून घेतला.

"अजून येतंय?" तिनं विचारलं.

"येतंय."

"मग माझ्याबरोबर चल. पूर्व भागात एक बाळंतीण आहे. फार ताप आहे तिला, दूध नाही. बाळाला बकरीचं पाजलं तर ओकतं. हे असंच चाललं तर ते काही राहत नाही."

मी विचारलं, "आपल्यातले आहेत?"

"नाहीत. विणकर आहेत, तेलुगू. मी त्यांना विचारलंय."

"काय म्हणाले?"

"काहीच म्हणाले नाहीत," सिस्टर म्हणाली. "नको म्हणाले नाहीत, एवढं मी ऐकलं."

मी तिच्यामागून गेले. जावं की न जावं हे मी ठरवलं नव्हतं. ती पुढे चालली म्हणून मी मागे चालले.

घर मागाचं होतं. दारातून आत गेलं की पहिल्या खोलीत खड्ड्याचा माग, त्यावर अर्धं विणलेलं हिरवं लुगडं. मागावर बसलेला तरुण आम्हाला बघून उठला आणि मान खाली घालून बाहेर गेला. तो बाळाचा बाप होता. आतून त्याची आई आली. घरातले सगळे तिला अम्मा म्हणत, म्हणून पुढे मीही म्हणू लागले. कपाळावर मोठं कुंकू, हातात बाळ. बाळ रडतही नव्हतं धड, मांजराच्या पिल्लासारखा आवाज काढत होतं.

अम्मानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोण लोक?" तिनं सिस्टरला विचारलं.

"ख्रिस्ती. आमच्यातली आहे."

"ते कळलं की. त्याच्या आधी कोण लोक?"

मीच सांगितलं. नगरकडे माझे आजोबा गावकुसाबाहेर राहत, ते मी जसं होतं तसं सांगितलं. बाळानं पुन्हा तो आवाज काढला. मग तिनं मागाशेजारच्या भिंतीकडे बोट केलं. "हितं बस. आत न्हाय."

मी बसले. तिनं वाकून बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, माझ्या हाताला हात लागू न देता. मुलगी होती. सुरुवातीला तिला ओढायची ताकदच नव्हती. मी पिळून थेंब तिच्या ओठांवर सोडले. हळूहळू तिनं धरलं. अम्मा समोर उकिडवी बसून बघत होती, "पालु, पालु" असं स्वतःशीच म्हणत होती. तेलुगूत दुधाला पालु म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

लोक पुढे मला विचारत, परक्याचं मूल छातीशी धरल्यावर तुला काय वाटलं? खरं सांगायचं तर ठणका थांबला, एवढंच वाटलं. ते मूल माझ्या मुलासारखं वाटलं नाही, आणि वेगळंही वाटलं नाही. पोट भरल्यावर ते झोपलं. अम्मानं उचलून नेलं आणि जाताना म्हणाली, "सांजच्याला ये."

तेव्हापासून मी रोज जाऊ लागले. सकाळी मालक गिरणीत गेले की, दुपारी, आणि दिवेलागणीच्या आधी. रात्रीची वेळ ते लोक कसंबसं साखरेच्या पाण्यावर आणि माझ्या काढून ठेवलेल्या दुधावर भागवत. मालकांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते बराच वेळ बिडी ओढत बसले. मग म्हणाले, "तुला झेपंल का?"

"दूध वायाच जातंय."

"दुधाचं न्हाय इचारत मी," ते म्हणाले.

मला पाणी प्यायला त्या घरात एक वेगळा कथलाचा पेला होता, तो भिंतीतल्या कोनाड्यात उपडा असायचा. मी पिऊन, धुऊन तिथंच ठेवायची. मला त्याचा रागही आला नाही. तेव्हा मला कशाचाच राग येत नव्हता.

मग दूध कमी व्हायला लागलं. मुलगी ओढायची, सोडायची, तोंड लाल करून किंचाळायची. अम्मानं माझा दंड बघितला. आता ती मला हात लावायची, कधीपासून ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. "काय खातीस तू?" तिनं विचारलं. मी काहीतरी बोलले. दुसऱ्या दिवशी मी पाजून उठले तर तिनं माझ्यासमोर वाडगा ठेवला. बकऱ्याच्या पायांचा रस्सा, वर मिऱ्यांचा तवंग, बाजूला पांढराशुभ्र भात.

"खा. ह्यानं दूध येतंय."

मी म्हटलं, "अम्मा, मला चालत नाही."

"का?"

"आज शुक्रवार, आम्ही मांस खात नाही. आणि आमचे उपवास चाललेत."

तिचा चेहरा बदलला. "उपवास न्हाय, काय न्हाय. आमच्या घरचं चालत न्हाय म्हण की सरळ! मी तुला आत घेतलं न्हाय, म्हणून तू माझं खाणार न्हाईस. व्हय ना?"

"तसं नाही, अम्मा."

"मग खा."

मी खाल्लं नाही. खाऊ शकले नाही म्हणणं जास्त खरं. अम्मानं वाडगा उचलला, आत जाऊन दणकन आपटल्याचा आवाज आला. पार्टिशनमागून बाळंतिणीचा क्षीण आवाज आला, तेलुगूत काहीतरी विचारत होती. अम्मा तिच्यावरही ओरडली. मी घराबाहेर पडले आणि तशीच चर्चकडे गेले.

क्रुसाच्या वाटेला अजून वेळ होता. फादर पापनिवेदन ऐकायला बसले होते. मी जाळीच्या अलीकडे गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. मुलगी, दूध, रस्सा, अम्मा. मग म्हटलं, "आणि फादर, मला प्रार्थना करता येत नाही. रडूही येत नाही. बाळ गेल्यापासून नाही. मला काहीच होत नाही."

मला वाटलं आता फादर प्रायश्चित्त सांगतील. ते म्हणाले, "दिवसातून किती जेवतेस?"

"एकदाच."

"भूक लागते?"

"नाही."

"मग हा उपवास कुणासाठी चाललाय?" त्यांनी एकदम नगरी हेल काढून विचारलं, माझे वडील विचारायचे तसं. "अंगावर पाजणारीला उपवास नसतो, हे तुला बोर्डिंगात शिकवलं नाही? या वर्षी तुला उपवास नाही. शुक्रवारचाही नाही. मी तशी मोकळीक देतो. जा, आणि त्या म्हातारीच्या हातचं खा."

"आणि प्रार्थना?"

"ती बाकीचे करतायत. तू सध्या पोरीला पाज."

मी परत पूर्व भागात गेले. अम्मा दारातच बसली होती, मुलगी तिच्या खांद्यावर रडत होती. मी भिंतीशी जाऊन बसले आणि म्हटलं, "अम्मा, मी फादरांना विचारून आले. मला खायला दे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "विचारायला लागतंय?"

"लागतं."

"तुमचा देव लई कडक हाय," ती म्हणाली. आत गेली आणि तोच वाडगा गरम करून घेऊन आली. मी सगळा रस्सा प्याले, भात खाल्ला. चव लागली असं म्हणवत नाही, पण पोटात काहीतरी ऊन ऊन उतरलं. अम्मानं पाणी दिलं ते घरच्या तांब्यातून. कोनाड्यातला पेला तिनं आणला नाही, आणि पुढे तो कुठं गेला ते मला माहीत नाही.

त्यानंतर ती मला रोज काही ना काही खायला घालायची. लसणीची चटणी, शेपूची भाजी, कांजी. मालकांनीही ओळखलं होतं, मी घरी जेवत नव्हते ते. संध्याकाळी माझ्या ताटात वाढून ते समोर बसून राहत. दूध परत आलं. मुलीच्या मनगटांना वळ्या पडल्या.

ऊन वाढलं. चर्चमध्ये सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडानं झाकल्या गेल्या. दरवर्षी मला त्या झाकलेल्या मूर्तींची भीती वाटायची. त्या वर्षी मी नुसती बघत राहिले. क्रुसाच्या वाटेला मी जात होते, गुडघे टेकत होते, पण डोक्यात एकच असायचं, मुलगी उठली असेल का, आणि तिथून थेट तिकडे चालू लागायची.

एके दिवशी अम्मा म्हणाली, "आत ये. ती बोलावतीया."

बाळंतिणीचा ताप उतरला होता. माझ्याहून लहानच असेल. केस गळून कपाळ मोठं झालेलं, डोळे तेवढे जागे. मी तिच्या खाटेशी बसले. तिला मराठी थोडंच येत होतं.

"तुमचं बाळ?" तिनं विचारलं.

"गेलं."

"मुलगा?"

"मुलगा."

"नाव काय होतं?"

मी नाव सांगितलं. दफनाच्या दिवसापासून ते मी उच्चारलं नव्हतं, घरातही नाही. तिला ते नीट म्हणता येईना. संताचं नाव, तिच्या जिभेला नवं. तिनं दोन-तीनदा म्हणून बघितलं, चुकली, पुन्हा म्हटलं. मी तिला दुरुस्त करत राहिले, शाळेत शिकवावं तसं. शेवटी तिला बरोबर आलं. मग तिनं विचारलं, "माझी मुलगी, त्रास देती?"

"नाही. चांगली पिते."

तिनं माझा हात धरला आणि रडायला लागली. अम्मा मागाच्या खोलीत निघून गेली. मी तिचा हात हातात घेऊन बसले होते, आणि तिच्या भिंतीवर कुठल्या देवाची तसबीर आहे ते ओळखायचा प्रयत्न करत होते.

पवित्र आठवड्यात तिला थोडं दूध यायला लागलं. बाकीचं बकरीचं आता मुलीला पचत होतं. गुरुवारी सकाळी मी पाजून उठले तेव्हा अम्मा म्हणाली, "आता येऊ नको."

मी म्हटलं, "बरं."

"तशी येऊ नको म्हणत न्हाय मी. पाजायला येऊ नको. तू येत राहिलीस तर ती आईचं धरायची न्हाय." तिनं केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. मोगऱ्याच्या कळ्या होत्या, दाट ओवलेल्या. "छातीला बांध, चोळीच्या आत. घट्ट बांध. रोज नवी फुलं घे. दूध आटतंय. आमच्यात असं करत्यात."

माझ्या मांडीवरून तिनं मुलगी उचलली. ती झोपेतच ओठ हलवत होती. मी पदर नीट केला आणि निघाले. वाटेत मागांचा खटखट आवाज चालू होता.

शुक्रवारी छाती पुन्हा दगड झाली. मी कळ्या बांधल्या, वर जुन्या धोतराची पट्टी आवळली आणि दुपारी चर्चमध्ये गेले. येशूच्या मरणाच्या त्या दिवशी वेदी उघडी असते, फूल नाही, मेणबत्ती नाही. घंटाही वाजवत नाहीत, लाकडी टाळ्या वाजवतात. गर्दीत उकाडा फार होता. माझ्या अंगाच्या उष्णतेनं कळ्या उमलल्या आणि वास सुटला. आजूबाजूच्या बायका माना वळवायला लागल्या. "आज कुणी गजरा माळलाय?" एकीनं दुसरीला विचारलं. "लाज न्हाय का?" त्या एकमेकींच्या डोक्याकडे बघत होत्या. मी पुढे गेले, वाकून क्रुसाला ओठ लावले आणि परत चटईवर येऊन बसले. वास माझ्याबरोबर गेला आणि माझ्याबरोबर परत आला.

शनिवारी सकाळी जांभळी कापडं ओढून काढली, घंटा वाजल्या, पुढच्या बाकांवरच्या पोरांनी कान झाकून घेतले. सगळ्यांचे चेहरे उजळले. माझा उजळला असेल असं वाटत नाही. मी तिथं होते, उभी होते, एवढं आठवतं.

रविवारी, ईस्टरच्या सणाला, मालकांनी मटण आणलं. मी ते केलं. जेवायला बसल्यावर ते म्हणाले, "कसला वास येतोय मघापास्नं? मोगऱ्याचा."

मी सांगितलं. कळ्या कशासाठी आहेत, कुणी दिल्या, ते सगळं. ते ऐकत होते. मग मी म्हटलं, "तिला आता आपल्या मुलाचं नाव म्हणता येतं. त्या बाळंतिणीला."

"कसं म्हणती?" त्यांनी विचारलं.

ती आधी चुकीचं म्हणायची ते मी म्हणून दाखवलं, आणि मग बरोबर. मालकांच्या हातातला घास ताटात पडला. गिरणीत एवढी वर्षं काढलेला माणूस, उष्टा हात तसाच ठेवून हुंदके देऊन रडायला लागला. संक्रांतीपासून ते रडले नव्हते, की नुसते माझ्यासमोर रडले नव्हते, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. मी उठून त्यांच्याजवळ बसले. मला अजूनही रडू आलं नाही. ते पुष्कळ पुढे आलं, कुठल्याशा साध्या दिवशी. त्या दुपारी मी फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले, आणि ते थांबल्यावर त्यांचं गार झालेलं ताट पुन्हा गरम केलं.